नवाचं कॉम्प्रेशन

कुंडल, मंगळवार, १ जानेवारी १९७४

नवी वही. यंदा रोज लिहिणार. भावकीच्या तक्रारी, बायकोच्या तक्रारी, असलं काही यात येणार नाही. फक्त टेक्निकल.

संकल्प: पहाटे पाचला पी.टी. विडी बंद. आणि वर्षभरात एक तरी काम असं करायचं की गावानं म्हणावं, मानसिंग मिल्ट्रीतनं नुसती पेन्शन घेऊन आला नाही.

पी.टी. उद्यापासून. आज थंडी फार आहे.

३ जानेवारी

काम सापडलं.

बादशहा मुलाणी माझा चौथीपासूनचा दोस्त. गावात टॅक्सी एकच, त्याची अँबॅसिडर. स्टेशनची माणसं, लग्नाची माणसं, दवाखान्याची माणसं, सगळी तिच्यातनंच जातात. जायची, म्हणायला पाहिजे. पेट्रोल भडकल्यापासून लोक एस.टी.नं, नाहीतर चालत. आज गेलो तर तो गाडी पुसत होता. म्हटलं, आज कुठल्या भाड्याची वर्दी? म्हणाला, "वर्दी कुठली गड्या. गाडी दारात हुबी, मी बी दारात हुबा. दोगांस्नी धूळ बसाय नगं म्हणून पुसतोय."

त्याला समजावून सांगितलं. इंजिन म्हणजे काय? पेट्रोल आणि हवा आत घ्यायची, पिस्टननं आवळायची, ठिणगी द्यायची. जेवढं जास्त आवळशील तेवढा जोर जास्त, आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी लांब जाणार. त्याची गाडी सव्वासात पट आवळते. ह्यालाच कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. सव्वासात म्हणजे दुपारी झोपणाऱ्या माणसाचं कॉम्प्रेशन. नऊ पाहिजे.

त्यानं विचारलं, "आन् तुला जमंल ह्ये?" म्हटलं, पंधरा वर्षं मिल्ट्रीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या ई.एम.ई.च्या वर्कशॉपमध्ये काढलीत.

मी स्टोअरला होतो हे खरं. पण पंधरा वर्षं ज्याच्या हातून गॅस्केटं जातात त्याला गॅस्केट कळणारच. हे बादशहाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे?

६ जानेवारी

हेड खोललं. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. त्याला आतून चार खळगे. खळग्यात किती तेल मावतं ते मोजलं की रेशो निघतो. जनावरांच्या दवाखान्यातल्या केरबा कंपाउंडरकडून म्हशीला टोचायची सिरिंज आणली, रॉकेल भरून मोजलं. पहिल्यांदा अठ्ठावन्न सी.सी., मग त्रेसष्ट, मग साठ. साठ धरलं. मधला आकडा नेहमी खरा असतो.

केरबानं सिरिंज परत घेताना वास घेतला आणि म्हणाला, "आता म्हशीला काय सांगू?"

बायकोची तक्रार आलीच: राही म्हणते पोटात दुखतंय. ओवा खा म्हटलं. (हे टेक्निकल नाही. पण लिहून झालं.)

१४ जानेवारी. सांगली.

हेड घेऊन याकूब मिस्त्रीच्या लेथवर गेलो, मी आणि बादशहा. हेडचा तळ घासून पातळ केला की खळगे उथळ होतात आणि कॉम्प्रेशन वाढतं. याकूबला म्हटलं, नऊ होईल एवढं घासा. त्यानं चष्मा काढला. "पेट्रोल कंचं घालता?" म्हटलं, पंपावरचं. म्हणाला, "हितल्या पेट्रोलला आठ बक्कळ झालं. त्याच्या म्होरं गेलासा तर ठिणगीची वाट बघत न्हाई ते, आपल्या आपण पेटतंय. मग पिस्टनला भोक."

बादशहा लगेच त्याच्या बाजूनं झाला. दोघांनी मिळून आठ ठरवलं. मिल्ट्रीत अशी मतं घेत नाहीत.

पी.टी. मकरसंक्रांतीनंतर.

२० जानेवारी

जेवण बाजूला ठेवून लिहितोय.

पलूसचा चढ गाडीनं टॉप गिअरमध्ये घेतला! पूर्वी तिथं दुसऱ्या गिअरवर यायला लागायचं. बादशहा स्टिअरिंगवर बुक्क्या मारत होता. डबा भरून पेट्रोल मोजून घातलं होतं. लिटरला अकरा किलोमीटर जाणारी गाडी तेरा गेली. तेरा. परत आल्यावर बादशहानं मला चौकात मिठी मारली. सगळ्यांच्या देखत. त्याच्या बायकोनं, दिलशादनं, वाटीभर शिरा पाठवला, वर काजू लावून.

तुकाराम पानवाला म्हणाला, हवालदार, आमच्या सायकलचं कॉम्प्रेशन बघा की. सगळे हसले. पण आदरानं.

राहीला पलूसच्या डॉक्टरनं तपासलं. उजवीकडं खाली दाबलं तर ओरडली म्हणे. मिरजेला दाखवा म्हणाला. नेतो. पण असं अर्धवट इंजिन घेऊन कशाला? एकदा काम पूर्ण झालं की पाऊण तासात मिरज. तिला तसं सांगितलं. तिनं कूस बदलली. पटलं असावं.

२८ जानेवारी

सव्वासातावरून आठ केलं, दोन किलोमीटर वाढले. मग नऊ केलं तर? त्रैराशिक मांडलं. साडेपंधराच्या वर येतंय. एवढं स्पष्ट असताना माणूस आठावर थांबतो म्हणजे काय?

बादशहाला दाखवलं. म्हणाला, "आता झाक चाललंय मर्दा. वर्द्या सुरू झाल्यात. ऱ्हाऊ दे की."

शिक्षणाचा अभाव.

१० फेब्रुवारी

नऊचं ठरेपर्यंत पेट्रोलचा नकाशा करायला घेतला. कल्पना माझी, कुठंही वाचलेली नाही. कार्बोरेटरमध्ये एक सुई असते, खाली निमुळती. गाडी जोरात घेतली की सुई वर उठते आणि तिच्या बाजूनं जास्त पेट्रोल जातं. म्हणजे सुई कुठं किती जाड, यावर कुठल्या वेगाला किती पेट्रोल हे ठरतं. जुन्या कॅलेंडरच्या मागं कुंडल ते सांगली रस्ता काढला. पलूसचा चढ: जास्त पेट्रोल. वसगड्याचा सपाट रस्ता: कमी. नांद्र्याचा बाजार: अगदी कमी, तिथं गाडी सरकतच नाही.

आता या नकाशाबरहुकूम सुई बनवायची. सध्याच्या सुईनं सगळीकडं पेट्रोल जास्तच जातं असा माझा अंदाज.

विडी: आज फक्त सहा. नकाशा काढताना दोन जादा.

१९ फेब्रुवारी

जाड सुई मिळाली, भंगारातनं. पॉलिश पेपरनं घासून नकाशाप्रमाणे केली. पेट्रोल कमी जातंय, म्हणजे बचत. गाडी उचलताना थोडी खोकते. सवय होईल.

"सवय कुणाला? मला का गाडीला?" बादशहा म्हणाला. बॉनेट लावून घेतलं.

राहीनं दोन दिवस भाकरी केल्या नाहीत. पोटाचं कारण. भावाच्या घरी जेवलो. बायकांनी एकदा पोटाचं धरलं की सोडत नाहीत.

५ मार्च

बादशहा नऊला तयार नाही. आठ दिवस त्याच्याकडं गेलो नाही. आज त्याच्या दारावरनं दोनदा गेलो, न बघता. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली. म्हटलं, मी कोण, मला इंजिनातलं काय कळतं? ब्रिगेडियरसाहेब माझं ऐकायचे, पण कुंडलमध्ये कोण ऐकणार?

(ब्रिगेडियरसाहेब एकदा स्टोअरमध्ये आले होते. म्हणाले होते, "गुड." रॅकवरच्या लेबलांना.)

बादशहा खाली बघत राहिला.

२४ मार्च. पाडवा.

बादशहा सकाळी घरी आला, साखरेची गाठी घेऊन. राहीच्या हातात दिली, "वैनी, लय वाळलासा" म्हणाला. मग मला म्हणाला, "कर तुझं नऊ. तू म्हंतोस म्हणून. मला न्हाई कळत त्यातलं. पर तुझा रुसवा मला न्हाई सोसत."

मुहूर्त चांगला लागला.

२८ मार्च. सांगली.

याकूबनं हेड हातात घेतलं, परत माझ्या हातात दिलं. "मी न्हाई घासणार. घासल्यालं लोकंड परत चिकटत न्हाई, हवालदार." कारागिरांना असा गर्व असतो. दुसऱ्या एका लेथवर घासून घेतलं. तिथल्या माणसानं काही विचारलं नाही. किती बरं वाटलं.

आता नऊ. किंवा साडेनऊ. ब्लेडच्या पात्याएवढं जास्त गेलं असेल. नुकसान काही नाही, जास्त म्हणजे जास्तच चांगलं.

३१ मार्च

गाडी चालू. जोर असा की मान मागं जाते. चढाला इंजिनातून एक आवाज येतो, कढईत हरभरे फुटावेत तसा. बादशहा घाबरला. म्हटलं, तरुण इंजिनाचा आवाज असाच असतो.

गंमत म्हणजे चौकात किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहिलं. धडधड, धडधड, चांगलं अर्धा मिनिट. बादशहा किल्ली हातात धरून तिच्याकडं बघत बसला. म्हटलं, बघ, उत्साह.

४ एप्रिल

आवाज वाढलाय. हवा गरम झाल्यामुळं. सप्टेंबरात कमी होईल.

१२ एप्रिल. सातारा.

सोल्जर बोर्डात माझं पेन्शनचं काम होतं, म्हटलं गाडीनंच जाऊ, लांबचा ट्रायल होईल. पलूसचा सयाजी बरोबर आला. तोही ई.एम.ई.चा, माझ्याच युनिटमधला, पण तो मेकॅनिक. काम झाल्यावर गाडी यवतेश्वरच्या घाटाला घातली. खरी परीक्षा घाटात.

निम्म्या घाटात रेडिएटरमधनं वाफ. पाऊण घाटात गाडी उभी. मी सांगितलं, उंचावर हवा विरळ असते. सयाजी दगडावर बसून माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "मान्या, हेड किती घासलंस?" सांगितलं. म्हणाला, "आन् सुई बी कमी पेट्रोलाची? दोन्ही एकदम? आरं, पेट्रोल कमी गेलं की आत आणखीन तापतंय. ही गाडी न्हाई, सुतळीबाँब हाय."

मग बादशहाकडं वळून काही बोलणार होता. मी मध्येच म्हटलं, चला, कंदी पेढे घेऊन जाऊ. गाडी निवल्यावर उतारानं खाली आणली आणि पेढे घेतले. राहीसाठी अर्धा किलो. तिनं एकही खाल्ला नाही, सगळे गल्लीत वाटले. म्हणे गोड बघितलं तरी ढवळतंय.

२० एप्रिल

चमत्कारिक गोष्ट. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा एक डबा असतो, डिस्ट्रिब्युटर. पुढं फिरवला की ठिणगी लवकर, मागं फिरवला की उशिरा. मी बरोबर पुढं फिरवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर मागं गेलेला. आवाज नाही, पण जोरही नाही. परत पुढं घेतला.

२५ एप्रिल

परत मागं. परत पुढं घेतला.

३० एप्रिल

परत मागं. रस्त्याच्या धक्क्यांनी फिरत असावा. स्क्रू घट्ट केला. आपल्याकडचे रस्ते हीच खरी अडचण आहे.

मायलेज बारा. म्हणजे आठाच्या वेळेपेक्षा एक कमी. टाकी गळत असणार.

९ मे

रेल्वेचा संप कालपासून. स्टेशनवर शुकशुकाट, एस.टी.ला माणसं टपावर. टॅक्सीला चांगले दिवस येणार.

राही रात्रीपासून कण्हतेय. अंग गरम. म्हटलं, दोन दिवस दम काढ, सुई थोडी सुधारतो आणि मिरजेला नेतो. म्हणाली, "सुईचं बघा आदी." टोमणा असावा, पण आवाजात जोर नव्हता.

१४ मे. संध्याकाळ.

राहीला आज बरं वाटतंय. सकाळी फार दुखत होतं, दुपारी एकदम थांबलं. मी म्हटलंच होतं. तरी उद्या मिरजेला जाऊन येऊ. बादशहाला सांगितलं, सकाळी सात. त्याच्या दारात जाऊन डिस्ट्रिब्युटर चांगला पुढं घेऊन ठेवला. पलूसच्या पुढं वीस मैलांचा सपाट रस्ता, जोर दाखवायचा तर उद्याच.

१७ मे. सांगली, सरकारी दवाखाना. व्हरांडा.

दोन दिवसांचं लिहायचं आहे. जमेल तसं लिहितो.

परवा सकाळी राहीला उठताच येईना. पोट फळीसारखं कडक. बादशहानं आणि मी सतरंजीत उचलून मागच्या सीटवर झोपवलं. तो सारखा म्हणत होता, "वैनी, पोचतोयच आता." सात वाजता निघालो. पलूस गेलं. आवाज सुरू झाला होता, हरभऱ्यांचा. बादशहानं वेग कमी केला. मी म्हटलं, दाब, आज नाही तर कधी? त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दाबली.

वसगड्याच्या अलीकडं एक धपकन आवाज झाला. मोठा नाही. कोणीतरी ओली गोणी टाकावी तसा. मग मागून निळा धूर, आणि गाडी हळूहळू कडेला जाऊन थांबली. किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं फुसफुस करतं. बादशहानं बॉनेट उघडलं नाही. त्याला कळलं होतं. मी उघडलं. का उघडलं माहीत नाही. तिथं बघून काय करणार होतो?

राहीचे ओठ पांढरे. ती मला म्हणाली, "आलं का?" म्हटलं, हो, आलंच.

बादशहा रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. कराड-सांगली एस.टी. आली, खचाखच, टपावर माणसं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बादशहा हलला नाही. बस त्याच्या छातीपासून हातभरावर थांबली. कंडक्टर शिव्या देत उतरला, सतरंजीतली राही बघितली आणि गप्प झाला. आत जाऊन ओरडला, "मागचं बाकडं मोकळं करा. आता बस दवाखान्याच्या दारातच थांबंल. कुणाला नांद्र्याला उतरायचं असलं तर आत्ताच बोला." कोणी बोललं नाही. नांद्र्याची माणसंही बसून राहिली. बाकड्यावरनं उठलेल्या एका म्हातारीनं राहीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालत बसली. मी दांड्याला धरून उभा होतो. कॅलेंडरचा नकाशा माझ्या खिशात होता.

अपेंडिक्स फुटलं होतं. आदल्या दिवशीच. म्हणून दुखायचं थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस दुखत होतं? मी म्हटलं, चार-पाच दिवस. राही स्ट्रेचरवर होती, डोळे मिटलेले. म्हणाली, "जानेवारीपासनं."

१९ मे. व्हरांडा.

राही शुद्धीत आहे. ताप आहे. नळी लावलीय. जास्त बोलू नका म्हणाले. ती तसंही बोलत नाही.

सयाजी आला होता. व्हरांड्याच्या टोकाला बादशहाशी बोलत होता. मला ऐकू आलं. "मान्या मेकॅनिक कुठला? स्टोअरला हुता. पेट्यांवर लेबलं लावायचा." मी खांबाआड उभा राहिलो. बादशहा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं तो आला आणि माझ्यापुढं चहाचा ग्लास ठेवला.  मला बोलायचं होतं, पण चहा निवला असता.

वेळ जावा म्हणून ही वही पहिल्या पानापासून चाळली. राहीच्या पोटदुखीचं किती ठिकाणी लिहिलंय ते मोजायला घेतलं. मग सोडून दिलं.

२३ मे

बादशहानं गाडी ओढून याकूबकडं नेली. याकूबनं खोलून बघितलं. तिसऱ्या पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक, सिलिंडर चिरलेला. हेड तर असं पातळ की पुन्हा कामाचं नाही. याकूबनं पिस्टन फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला, एवढंच.

खरं तर अशा परिणामाला बरीच कारणं असतात. पेट्रोलची प्रत. मे महिन्याचं ऊन. ड्रायव्हरनं

पुढचं लिहवत नाही.

२८ मे

बादशहानं गाडी विकली. इस्लामपूरच्या एका व्यापाऱ्यानं घेतली, त्यात डिझेल इंजिन बसवणार म्हणे. डिझेलचं कॉम्प्रेशन वीसच्या वर असतं. मी नवाचंच म्हणत होतो.

हे वाक्य लिहून झाल्यावर परत वाचलं. खोडत नाही. कसला माणूस आहे ते मला तरी दिसू दे.

बादशहा जतला गेला. तिकडं दुष्काळी गावांना पाण्याचे टँकर चालू आहेत, एका ठेकेदाराकडं ड्रायव्हर म्हणून लागला. दिलशाद इथंच.

१ जून. कुंडल.

राहीला घरी आणलं. एस.टी.नं. खिडकीजवळ बसवलं. वसगड्याजवळ तिनं बाहेर बघितलं, मी दुसरीकडं.

संकल्प: जतला जाऊन बादशहाला सगळं समजावून सांगणे. मुद्दे काढले. चार आहेत. पहिले तीन इंजिनाचे.

८ जून. जत.

सकाळच्या एस.टी.नं जत. स्टँडपासून दोन कोस चाललो, एका टँकरवाल्यानं शेवटी सोडलं. उमराणीकडच्या एका वाडीवर बादशहाचा टँकर उभा होता. घागरी घेऊन बायकांची रांग, निम्म्या कन्नड बोलतायत, दोघी-तिघींचं भांडण चाललेलं. बादशहा पाइप धरून मध्ये उभा. दाढी वाढलेली. मला बघितलं आणि म्हणाला, "आलास? वैनी कशी हाय?"

म्हटलं, बरी आहे. भाकरी खाते आता. तो नुसता "हां" म्हणाला, पण पाइप धरलेला हात सैल पडला, पाणी थोडं बाहेर सांडलं. बायका ओरडल्या.

टँकर रिकामा झाल्यावर सावलीत बसलो, चाकाला टेकून. मी मुद्द्यांचा कागद काढला. तो म्हणाला, "थांब. आदी मला बोलू दे. तीन आठवडं झालं, गिळताबी येत न्हाई आन् थुकताबी. गाडी माझ्यामुळं गेली गड्या. वैनीचं काय वाइट झालं असतं तर ते बी माझ्यामुळंच."

मला कळेना.

म्हणाला, "तू त्यो ठिणगीचा डबा म्होरं घ्यायचास. मी रोज सकाळी उठून मागं घ्यायचो. मागं घेतला की आवाज कमी व्हायचा. तुला सांगितलं असतं तर परत रुसला असतास, म्हणून चोरून. त्या दिवशी वैनीस्नी आत झोपवायच्या घाईत ऱ्हाऊन गेलं. पलूसच्या म्होरं ध्येनात आलं. पर तवा थांबायचं कसं? वैनी कण्हत हुती. वाटलं, जाईल आजच्या दिस."

धक्क्यांनी फिरतो असं मी लिहिलं होतं. त्याच्या दारात, त्याच्या गाडीत, रोज. आणि मला वाटलं, धक्क्यांनी.

मग मुद्द्यांचा कागद मी बघितलाच नाही. म्हटलं, आदल्या संध्याकाळी मीच पुढं घेतला होता, नेहमीपेक्षा जास्त. जोर दाखवायला. तू दाबत नव्हतास, मी दाब म्हटलं. हेड मी घासलं, सुई मी बदलली, याकूब नको म्हणाला तरी. राहीला जानेवारीत न्यायचं होतं, नाही नेलं. आणि मी मेकॅनिक नव्हतो. स्टोअरला होतो.

"म्हाईत हाय. सयाजी बोलला दवाखान्यात."

"मग तू काही बोलला का नाहीस?"

"वैनी आत हुती. तवा काय बोलायचं?"  हातानं माती उकरत होता. मग म्हणाला, "रोज इचार करतो मान्या. तू स्टोअरला हुतास ह्ये आदी कळलं असतं तर तुला गाडीला हात लावू दिला असता का मी? दिलाच असता. तू बोलायचास तवा लय खरं वाटायचं. मी आठावर खूश हुतो रं. माझी गाडी हुती ती. तरी तुला न्हाई म्हणाय जमलं न्हाई."

मी म्हटलं, चूक माझी.  त्यानं मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, कळलं नाही. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. म्हणेल असं मला वाटलं होतं, वाटेत येताना. मिठी मारेल असंही.

उठून कपडे झटकले आणि म्हणाला, "चारची एस.टी. चुकली तर उद्याच. चल, स्टँडवर सोडतो."

 स्टँडवर उतरलो तर त्यानं टँकर वळवायला घेतला होता.

९ जून. रविवार.

राहीनं विचारलं, काय म्हणाला बादशहा? जे बोलणं झालं ते सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. ती ऐकत तांदूळ निवडत होती. निवडून झाल्यावर सूप बाजूला ठेवलं आणि लुगड्याचा पदर नीट केला. म्हणाली, दिलशादकडं जाऊन येते.

म्हटलं, चल, मीही येतो. तिला काय सांगायचं ते दोघं मिळून सांगू.

"काय सांगायचं न्हाई. नुसती बसून येणार हाय. तुमी यिऊ नका." मग उंबऱ्यातनं वळून म्हणाली, "चुलीवर दूद ठेवलंय. तेवढं बघा. दुसरं काय करू नका."

हळूहळू चालत गेली. पोटाला हात धरून. चौकापर्यंत दिसत होती.

दूध कधी उतू जातं याचं एक शास्त्र आहे. जाळ किती, भांडं किती खोल आणि साय कधी धरते, हे तीन आकडे कळले तर

दूध उतू गेलं.